थोरल्या गव्याची जागा

त्या पठारावर तळे एक होते आणि तहानलेले कळप दोन.

उन्हे चढू लागली आणि तळ्याच्या काठचा चिखल तडकू लागला की पठाराचा कळप आणि ओढ्यापलीकडचा माळाचा कळप एक दिवस समोरासमोर येत. पाण्यासाठी रक्त सांडायचे नाही, असे दोघांच्या पूर्वजांनी कधीतरी ठरवून टाकले होते. त्याऐवजी वडाच्या सालीचा, डिंकाने लिंपलेला एक चेंडू मैदानाच्या मध्ये ठेवला जाई. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खडक होते आणि खडकांच्या मध्ये एक खिंड. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत ज्याच्या खिंडीतून चेंडू जास्त वेळा जाईल, त्याने उन्हाळाभर तळे सोडायचे आणि खाली कोरड्या नदीत झिरे उकरत राहायचे. बरोबरी झाली तर तळे आधी ज्याचे होते त्याचेच राही.

पठाराने अकरा वर्षे तळे सोडले नव्हते. त्याचे कारण कालच्या पाडसालाही ठाऊक होते. ते म्हणजे मागची फळी. मध्ये थोरला गवा, त्याच्या डाव्या अंगाला अस्वल, उजव्या अंगाला रानडुकरीण आणि कडेला म्हातारे सांबर. पुढे कोण खेळते याची फारशी फिकीर कुणी करत नसे. पुढचे चुकत, बदलले जात, शिव्या खात. मागचे चौघे मात्र पठाराला डोंगरासारखे वाटत, आणि डोंगराचे वय कोण विचारतो?

साळू विचारत असे.

साळू ही सायाळ. खिंडीच्या मागे बसून फळीला हाका द्यायच्या, हे तिचे काम. ‘डावी आवळा’, ‘मागे सरा’, ‘कड सोडू नका’. तरुणपणी तिने स्वतः खेळायचा हट्ट धरला होता, पण पहिल्याच झेपेत तिच्या काट्यांनी चेंडूची चाळण केली. तेव्हापासून ती वीतभर जरी पुढे सरकली तरी अस्वल ओरडे, “साळूबाई, लांबूनच बोला! चेंडू एकच आहे!” सगळे हसत. साळूही हसे.

पण मागे बसणाऱ्याला जे दिसते ते समोरच्याला दिसत नाही. साऱ्या पठाराला गव्याची शिंगे दिसत, साळूला त्याचे मागचे पाय. आठव्या वर्षी त्याचा डावा पाय अर्ध्या श्वासाने उशिरा पडू लागला. दहाव्या वर्षी पुरत्या श्वासाने. शत्रूला ते कळले नाही, कारण अस्वल न बोलता पाऊलभर गव्याकडे सरकले होते. अस्वलाने सोडलेली फट झाकायला सांबर सरकले आणि रानडुकरिणीनेही आपली बाजू थोडी आत ओढून घेतली. अख्खी फळी एका पायाभोवती गोळा झाली होती, आणि दुरून तीच फळी पूर्वीपेक्षाही घट्ट दिसत होती.

यावर उपाय सोपा होता आणि तो करायला बंदी होती. पठाराची रीत अशी, की जोवर एखादा आपल्या पायांवर उभा आहे तोवर जागा त्याची. दुसऱ्या कुणी त्या जागी सरावालाही उभे राहायचे नाही. जिवंताच्या जागी उभे राहणे म्हणजे त्याचे मरण बोलावणे. म्हणून पठाराचे तरुण मैदानातले खडे वेचत, बाहेर गेलेला चेंडू आणून देत आणि काठावर बसून घसा फुटेस्तोवर ओरडत. त्यांच्यात गव्याची पुतणी तांबडी होती, म्हाताऱ्या सांबराचा नातू भुरका होता. दोघांचेही खांदे भरून आले होते, आणि दोघेही एकदाही फळीत उभे राहिले नव्हते.

अकराव्या वर्षीचा खेळ संपला तेव्हा साळू धीर करून गव्यापाशी गेली.

“दादा, डावा पाय उशिरा पडतोय.”

“पडतोय ना? मग झालं.”

“पावसाळ्यात आपण नुसते गमतीचे खेळ खेळतो. तेव्हा तांबडीला तुमच्या जागी उभी करून बघा.”

गवा रवंथ करायचा थांबला. “तू माझ्या जागेवर नजर ठेवून बसली आहेस?”

“दादा, माझं कामच आहे ते. मी मागेच बसते.”

गव्याला हसू आले, पण ते टिकले नाही. “हे बोलणं अभद्र आहे, साळू. मी पडलो की बघा काय ते.”

“तुम्ही पडलात म्हणून चेंडू थांबेल?”

“माझ्या आधीचा गवा पडला तेव्हा मलाही असंच उभं केलं होतं. आधी कधी उभा राहिलो नव्हतो. शिकलोच की.”

“शिकलात,” साळू म्हणाली. “तुम्ही शिकलात त्या उन्हाळ्यात तळं गेलं. नदीत झिरे उकरता उकरता माझे दोन धाकटे भाऊ गेले.”

“तो उन्हाळा माझ्याही लक्षात आहे,” एवढे म्हणून तो पाण्याकडे निघून गेला. तो पाणी प्यायला नाही, नुसता काठावर उभा राहिला. साळूला त्याचा राग आला नाही, आणि राग येत नाही याचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवसापासून, दुपारी थोरले सावलीत पेंगत असताना, साळू तरुणांना टेकडीमागच्या करवंदीच्या जाळ्यांत नेऊ लागली. चेंडू म्हणून एक वाळलेले कवठ होते. पहिला धडा सगळ्यांत अवघड निघाला. कवठ हलले की सगळे त्याच्यामागे धावत.

“आत्या, चेंडू तिकडे असताना मी इकडे काय करू?” तांबडीने विचारले.

“वाट बघ.”

“कशाची?”

“तो इकडे यायची.”

“आणि नाहीच आला तर?”

“तर तू चांगली उभी होतीस.”

भुरका खिदळला. तांबडी मात्र हसली नाही. ती महिनाभरात उभे राहायला शिकली. आणखी महिन्याने ती साळूच्या आधीच हाक देऊ लागली आणि साळूला आपली जीभ चावावी लागली. भुरक्याचा स्वभाव उतावळा, पण पाय चपळ. कवठ कितीही वेगाने येवो, तो नेमका पाय आडवा टाकी आणि कवठ तिथेच गप होई. साळू त्या सगळ्यांकडे पाहायची आणि तिला वाटायचे, दोन वर्षे मिळाली तर पुरे.

दोन महिनेच मिळाले. करवंदे पिकली आणि अस्वल त्यांच्या वासावर टेकडीमागे आले. तांबडी मध्ये उभी होती. तिच्या डावीकडे, अस्वलाच्या नेमक्या जागी, एक तरुण तरस होता.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी सभा बसली.

“आपण सावलीत झोपतो,” अस्वल छाती पिटत म्हणाले, “आणि तिकडे जिवंतपणी दादांची उत्तरक्रिया चालते! माझीसुद्धा! माझ्या जागी कोण, तर म्हणे तरस! निदान धडधाकट कुणीतरी बघायचं!”

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. रानडुकरीण जमीन उकरत म्हणाली, “माझीही पोरं मोठी झालीत, पण मी कधी असलं मनात आणलं नाही.” तिची पोरे काठावर बसून ऐकत होती.

तांबडी पुढे आली. “काका, मी तुमच्या जागी उभी नव्हते. तुमच्यानंतर उभी होते.”

गव्याने तिच्याकडे पाहिले. तो रागावलेला नव्हता. तो दुखावला होता, आणि थोरला गवा दुखावलेला पाहणे पठाराला सोसत नसे.

“नंतर म्हणजे कधी, बाळ?” तो म्हणाला. “दिवस ठरलाय का?”

तांबडी पाऊलभर मागे सरकली. साळूपाशी याचे उत्तर होते, पण ते तिने दिले नाही. पुढे किती तरी वेळा तिला वाटले, तेव्हा बोलायला हवे होते.

निकाल लागला. गवा उभा आहे तोवर तरुणांनी मागच्या फळीत पाऊल टाकायचे नाही, गमतीच्या खेळातही नाही. साळूने हाका द्याव्यात, बाकी तोंड उघडू नये.

सकाळी तांबडी ओढ्यात उतरली. साळू तिच्यामागे धापा टाकत काठापर्यंत गेली.

“अगं, ते माळावाले. ते तुला काय देणार?”

“उभी तरी करतील, आत्या.”

“दरवर्षी हरतात ते.”

“मग आधी हरायला शिकेन. इथे तेवढंही कुणी शिकू देत नाही.”

पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंतच होते. ती मागे वळून पाहत नाही याची साळूला कमाल वाटली. मग साळूला दिसले की ओढ्यापलीकडे पोचल्यावर ती बराच वेळ तशीच उभी आहे, पाठमोरी.

माळाचा कळप सततच्या हरण्याने निर्ढावलेला होता. नव्याला उभे करायची भीती ज्यांच्याकडे गमावायला काही आहे त्यांना असते. त्यांनी तांबडीला त्याच पावसाळ्यात मध्ये उभे केले. ती चुकली. पुन्हा उभे केले. ती पुन्हा चुकली, तेव्हा तिच्या शेजारी आणखी दोन पोरे उभी केली.

बाराव्या वर्षी बरोबरी झाली आणि तळे राहिले. “काय गं साळू, पडले का दादा?” अस्वलाने विचारले. पठार दोन दिवस नाचले. साळूने गव्याचा डावा पाय पाहिला होता. तो आता पडत नव्हता, ओढला जात होता.

तेराव्या वर्षी चिखल लवकर तडकला.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात साळूला चमत्कारिक काहीतरी ऐकू येऊ लागले. मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून तिच्याच हाका येत होत्या. ‘डावी आवळा.’ ‘कड सोडू नका.’ आवाज दमदार होता आणि हाक अगदी वेळेवर होती. पठाराचे पुढचे गडी त्या हाकांवर आदळून परतत होते. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात फुललेले पाहून आनंद मानावा की रडावे, हे साळूला कळेना. तिने आपली पुढची हाक दिली.

सूर्य डोंगरापासून शिंगभर वर राहिला. अजून कुणाच्याच खिंडीतून चेंडू गेला नव्हता. बरोबरी होती, आणि बरोबरी म्हणजे तळे. तेवढ्यात माळाचा एक चिंकारा चेंडू घेऊन आत घुसला. गवा त्याला अडवायला वळला. त्याचे तीन पाय वळले. चौथा आला नाही. पठाराने अकरा अधिक एक वर्षे ज्याला कधी बसलेला पाहिला नव्हता, तो आधी गुडघ्यांवर आला आणि मग कुशीवर कलंडला. चिंकाराच दचकला आणि चेंडू त्याच्याकडून बाहेर गेला.

साळूने काठाकडे तोंड केले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“भुरक्या! या रे! सगळे या!”

ते आले. ज्यांनी आयुष्यभर खडे वेचले होते ते आठ जण उड्या मारत आत आले. दोन वर्षे मोडलेला सराव त्यांच्या पायांत अजून शिल्लक होता. भुरका तर धावता धावताच आपली जागा पाहून थांबला आणि त्याने पाय रोवले. अजून वेळ होता. शिंगभर सूर्य, तेवढेच निभवायचे होते.

“थांबा!” अस्वल गव्याच्या अंगावर आडवे होऊन ओरडले. “जागा कुठे रिकामी झालीय? दादा पडलेले नाहीत. जरा टेकलेत! उभं करा त्यांना!”

“सोडा मला,” गवा म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की जवळच्यांनाच तो ऐकू आला. “पोरांना... उभं राहू दे.”

“दादा शुद्धीत नाहीत,” अस्वल म्हणाले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते खरे होते. “बघता काय? खांदे लावा!”

पोरे घुटमळली. भुरक्याने साळूकडे पाहिले. पण रानडुकरीण रडत होती, म्हातारे सांबर हंबरत होते, काठावरून सारे पठार ‘उभं करा, उभं करा’ म्हणत होते, आणि त्या आठ जणांना थोरल्यांचे ऐकण्याशिवाय दुसरे काही शिकवलेले नव्हते. चौघे या बाजूने आणि चौघे त्या बाजूने गव्याच्या पोटाखाली शिरले. धूळ उडाली. थोरला गवा हळूहळू वर आला. त्याची मान लोंबत होती, पण शिंगे समोर होती, आणि दुरून पाहणाऱ्याला तो उभाच दिसत होता. पठाराने जयघोष केला.

साळू मागे होती. तिला पोटाखालचे पाय दिसत होते. तरुण, भरलेले, थरथरणारे बत्तीस पाय.

चेंडू पुन्हा आत आला. चिंकाऱ्याने तो नीट मारलाही नाही, नुसता ढकलला. इतक्या धिम्या चालीने येणारा चेंडू साळूने तेरा वर्षांत पाहिला नव्हता. अस्वलाचे दोन्ही हात गव्याच्या मानेत होते. डुकरीण वळली, पण ती लांब पडली. चेंडू गडगडत भुरक्याच्या उजव्या पायापाशी आला.

“भुरक्या!” साळू ओरडली.

भुरक्याने पाय उचलला. नेमका. करवंदीत उचलायचा तसाच.

वरचे ओझे हलले. “हलू नकोस!” अस्वल किंचाळले. “दादा पडतील!”

भुरक्याने उचललेला पाय परत जागेवर ठेवला, आणि चेंडू खिंडीतून जाताना तो त्याच्याकडे पाहत राहिला.