निजल्यावर दिसणारी नदी

फार वर्षांपूर्वी, उंबरपाण्याला अजून सडक आली नव्हती तेव्हा, तिथे सुभाना नावाचा गवंडी राहायचा. त्याने रचलेल्या भिंतीत मुंगीलाही वाट सापडत नसे, असं म्हणतात.

त्या काळी लोकांना वाऱ्याची मोठी धास्ती. माणूस आजारी पडलं की त्याला वारा लागू द्यायचा नाही. म्हणून गावाने सुभानाकडून हरणी नदीच्या काठी दुखणेकऱ्यांसाठी एक खोली बांधून घेतली. खिडकी नाही, झरोका नाही, दाराला जाड घोंगडी. आत दिवा लावला तर ज्योत हलायची नाही. गाव खूश, सुभाना त्याहून खूश. आत गेलेली माणसं आपल्या पायांनी कमी आणि चौघांच्या खांद्यावरूनच जास्त बाहेर यायची, पण त्याचा दोष भिंतींना कुणी दिला नाही.

मग एका उन्हाळ्यात सुभानाची लेक सारजा तापाने पडली. दहा वर्षांची आईवेगळी पोर, दिवसभर नदीत पाय सोडून बसणारी. बापानेच तिला उचलून त्या खोलीत नेऊन निजवलं. बाराव्या दिवशी तिने अन्न सोडलं. वैद्यबुवा नाडी बघून बाहेर आले आणि म्हणाले, "दोन दिवस. फार तर तीन."

सुभाना आत गेला.

"आबा, नदी हाय का अजून?" सारजाने विचारलं.

"हाय की गं. ही काय, भिंतीपल्याड."

"मग दिसंना का?"

 सुभाना तिच्याशेजारी खाटेवर आडवा झाला. आपण बांधलेली भिंत तो पहिल्यांदाच निजून बघत होता. नजर जिथे पडली तिथे त्याने कोळशाने खूण केली आणि पहार आणली.

ठोके ऐकून गाव धावलं. पाटील ओरडले, "येडा झालास का सुभाना? वारं लागून मरंल पोर!"

"वारं न लागता मरतीयाच की," सुभाना म्हणाला आणि घाव घालत राहिला. त्याची भिंत त्यालाच दाद देईना. अखेर एक दगड निखळला. असं म्हणतात, की त्या क्षणी भर उन्हाळ्यात हरणी हातभर वर चढली आणि त्या भोकासमोर येऊन थांबली. पाण्याचा उजेड सारजाच्या तोंडावर हलायला लागला. तिने भाकरी मागितली.

वैद्यबुवांनी दिलेले दोन दिवस तिने दसऱ्यापर्यंत पुरवले. मग गेली, नदीकडे बघत गेली. ही भिंत बारा दिवस आधी फोडली असती तर, हे सुभानाच्या मनातून कधीच गेलं नाही.

त्याने ती भोकाची भिंत तेवढी ठेवली, बाकी खोली पाडली आणि तिथेच मोठा दवाखाना बांधायला घेतला. पण वर्षभर पायाच खणला नाही. रोज नवी जागा धरून जमिनीवर निजायचा. सकाळचं ऊन कुठे येतं, करंजाची सावली कुठवर सरकते, पाण्याचा आवाज कुठे पोचतो, ते बघायचा. लोक हसायचे. झाड आडवं आलं की तो भिंत वाकवायचा. असं म्हणतात, की बायकांच्या खाटांवर सावली पडावी म्हणून एक जांभूळ आपणहून दोन पावलं सरकली. आता दोन जरा जास्तच होतात, एक सरकली असेल. खिडक्या मात्र सगळ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. उभ्या माणसाला त्यातून धड काही दिसत नाही.

दवाखान्याचा एकच नियम त्याने घातला. आजाऱ्याला निजवण्याआधी त्याच्या घरच्या धडधाकट माणसाने खाटेवर निजायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. काही दिसलं नाही तर खाट हलवायची.

म्हातारपणी सुभानाचे डोळे गेले. शेवटच्या दुखण्यात त्याला सारजाच्या भोकासमोर आणलं. घरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून थकलेले पाटील स्वतः त्या खाटेवर निजले. "नदी दिसते रे," ते म्हणाले.

मग आंधळा सुभाना निजला. भोकाकडे तोंड करून म्हणाला, "नदी तर हायच. काठावर पाय सोडून बसलीय, ती न्हाई दिसली व्हय तुम्हाला?"

आता तिथे सिमेंटचा सरकारी दवाखाना आहे, लोखंडी खाटा आहेत. हरणी चैत्रातच आटते. तरी आजही आजाऱ्याच्या आधी घरचं माणूस खाटेवर निजतं आणि सांगतं, "नदी दिसते." मग नर्सबाई विचारतात, "आणि काठावर?"

काठावर कुणीच नसतं. तरी निजलेलं माणूस म्हणतं, "बसलीय." त्याशिवाय आजाऱ्याच्या खाटेवर चादर पडत नाही.