हाताचे दोन फेरे

कोकणातून वर चढून आलेल्या गाड्या जिथे पहिल्यांदा दम घेतात, अशा एका घाटमाथ्यावर दस्तगीर नावाचे एक वृद्ध मिस्त्री होते. पन्नास वर्षे त्यांनी इंजिने उघडली आणि मिटली. आता त्यांचे गुडघे वाकत नसत, म्हणून ते गॅरेजच्या दाराशी लाकडी स्टुलावर बसत आणि बसल्या जागेवरून नुसत्या आवाजावरून गाडीचे दुखणे सांगत. पंचक्रोशीतले लोक त्यांना दस्तगीरचाचा म्हणत.

त्यांच्याकडे बसवंत नावाचा शिष्य होता. वय एकोणतीस, हातात पदविका, बुद्धी तीक्ष्ण आणि कामाला वाघ. सात वर्षे तो चाचांकडे शिकला होता. त्याच्या मनात एकच बोच होती. चाचा सगळी कामे त्याच्यावर सोपवीत, पण इंजिन जोडून झाले की शेवटचा हात स्वतः लावीत. मोठा पाना घेऊन ते इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, हाताने सावकाश पुरते दोन फेरे फिरवून बघत आणि मगच किल्ली लावू देत. बसवंतला ते म्हाताऱ्या माणसाचे सोवळे वाटे. खुणा जुळल्या आहेत, मापे बरोबर आहेत, मग हे कशाला? पण तो कधी बोलला नव्हता.

एकदा काजूचे एक व्यापारी, वैकुंठशेठ, यांची टर्बो इंजिनची गाडी घाट चढताना तापली. मागून पांढरा धूर, रेडिएटरमधले पाणी नाहीसे. चाचांनी बसल्या जागेवरून सांगितले, "हेड गॅस्केट गेलंय." इंजिनचे धड आणि डोके यांच्यामध्ये धातूचा एक पातळ पत्रा असतो. आग, तेल आणि पाणी या तिघांना तो एकमेकांपासून दूर ठेवतो. तो फाटला की तिघे एकमेकांत मिसळतात आणि इंजिन आतल्या आत मरू लागते. टर्बो असलेल्या इंजिनात दाब मोठा, म्हणून कामही नाजूक.

"आणि टायमिंग बेल्टही जुना झालाय," चाचा म्हणाले. "डोकं उघडायचंच आहे, तर तोही बदलू. बसवंत, हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं. मी हात लावणार नाही."

बसवंतने ते शब्द मनात किती वेळा घोळवले ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्याने हेड उतरवले, शहरात नेऊन त्याची बैठक सपाट करून आणली, नवे बोल्ट आणले, गॅस्केट बसवले. नेमका जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने एकेक बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळला. टर्बोच्या तेलाच्या नळ्या धुऊन घेतल्या. शेवटी बेल्ट उरला. चाकांवरच्या खुणा जुळवून बसवायचा हा दातेरी रबरी पट्टा खालच्या पिस्टनना आणि वरच्या व्हॉल्व्हना एका तालात ठेवतो. ताल चुकला तर दोघे एकमेकांवर आदळतात, आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून.

ठरलेल्या दिवशी वैकुंठशेठ पत्नीला घेऊन एसटीने वर आले. वहिनींचा एक डोळा काही वर्षांपूर्वी गेला होता. उरलेल्या डोळ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावात शस्त्रक्रिया होती. संध्याकाळी पाचच्या आत दवाखान्यात पोचायचे होते. गाडी बाराला तयार मिळेल असा बसवंतचा शब्द होता. बारा वाजून गेले होते.

शेठ घड्याळ बघत येरझारा घालीत होते. बसवंत बेल्टचा ताण देणारी पुली आवळीत होता, तेवढ्यात ते वाकून म्हणाले, "झालं का हो? आमची वेळ टळतेय!"

बसवंतने मान वर केली. "झालंच शेठ." त्याच क्षणी पान्याखाली काहीतरी किंचित हलले. त्याला वाटले, ताण बसला. त्याने बोल्ट आवळला, वरचे झाकण लावले आणि हात पुसत चाचांकडे आला.

"झालं चाचा. किल्ली द्या, लावून बघतो."

किल्ली स्टुलाशेजारच्या खिळ्याला होती. चाचांनी ती काढली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आधी हाताने दोन फेरे."

बसवंतच्या कानशिलांत रक्त चढले. गिऱ्हाइकासमोर हा अविश्वास! "चाचा, सगळ्या खुणा मी स्वतः जुळवल्यात. तुम्हीच म्हणालात ना, की काम माझं?"

"म्हणूनच फेरेही तुझेच. आजवर मी फिरवत होतो. आज तू फिरव."

वैकुंठशेठ चिडले. "अहो मिस्त्री, किल्ली मारली की कळेलच ना चालते की नाही ते! शास्त्रं कसली करत बसता?"

बसवंतने मुकाट्याने मोठा पाना क्रँकच्या बोल्टला लावला आणि फिरवू लागला. पहिला फेरा झाला. जड गेला, पण झाला. दुसऱ्या फेऱ्यात, निम्म्याहून थोडे पुढे, पाना थांबला.

इंजिनात हवा दाबली जाताना पान्याला अडथळा होतोच, हे बसवंत जाणत होता. तो अडथळा मऊ असतो. थोडा धीर धरला, हलका जोर लावला की मागे सरतो. तो तसाच असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. जरा जोर लावला की जाईल पुढे. त्याने हात घट्ट केला. शेठ डोक्यावर उभे होते. वहिनी बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. पाठीवर चाचांची नजर होती. सात वर्षांची वाट आणि आजचा दिवस.

पण तळहाताला काहीतरी वेगळे कळत होते. हवा अशी अडवत नाही. त्यात लवचीकपणा नव्हता. भिंतीला हात टेकावा तसा तो अडथळा निश्चल होता.

बसवंतने हात सैल सोडला. पाना तसाच ठेवून तो वळला. चेहरा उतरला होता.

"चाचा, अडतंय. हवा नाही, धातू आहे. माझंच चुकलंय. पुली आवळताना काहीतरी हललं होतं. मला जाणवलं होतं, पण मी परत बघितलं नाही."



वैकुंठशेठांचा आवाज चढला. "म्हणजे? आता? हिला पाचच्या आत दाखल करायचंय!"

चाचा स्टुलाचा आधार घेत उठले. चालत बसवंतपाशी आले. बसवंतने मान खाली घातली. आता ऐकून घ्यायचे, असे त्याने ठरवले होते. चाचांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि त्याच्या तेलकट तळहातावर ठेवली.

"ही घे. आता तुझ्याकडे ठेव. कधी लावायची ते तू ठरव."

बसवंत किल्लीकडे बघत राहिला. शेठांना तर काहीच उमजेना. "उलटं आहे हो तुमचं सगळं! काम झालं म्हणाला तेव्हा किल्ली काढून घेतलीत, आणि आता चुकलं म्हणतोय तर देताय?"

"शेठ, दोन मिनिटं बसा," चाचा म्हणाले. "सांगतो.

"मी याच्यापेक्षा लहान होतो. असंच इंजिन, असेच दोन फेरे. पाना अडला. मालक समोर उभे होते, शाळामास्तर होते बिचारे. मला लाज वाटली. म्हटलं, हवा असेल, आणि दिला जोर. कट्‌ करून आवाज आला. व्हॉल्व्ह वाकला हे त्या आवाजाने मला कळलं, पण मालकांना नाही कळलं. मी सांगितलं, कंपनीचा भागच खराब निघाला, परत डोकं उघडावं लागेल. त्यांनी विश्वास ठेवला. चार दिवस थांबले. जाताना माझे हात धरून म्हणाले, 'तू होतास म्हणून बरं झालं रे बाबा, दुसरा असता तर सांगितलंही नसतं.' घरचे पेरू दिले टोपलीभर. शेठ, मी ते पेरू खाऊ शकलो नाही. पन्नास वर्षं झाली. खूप लोकांनी खूप आभार मानले असतील माझे, पण आठवतात ते तेवढेच."

ते बसवंतकडे वळले.

"खुणा जुळवणं तुला मी शिकवलं. बोल्टचा क्रम शिकवला. पण पाना अडल्यावर, चार माणसं बघत असताना, हात सोडायचा, हे कुणाला शिकवता येत नाही. ते एक तर माणसात असतं किंवा नसतं. ते तुझ्यात आहे की नाही, हे मला सात वर्षं माहीत नव्हतं. आज माहीत झालं. म्हणून किल्ली दिली. चूक काय, माझ्याही हातून होते. अडथळा हा इंजिनानं सांगितलेला शब्द असतो, पोरा. तुटण्याआधी ते एकदा सांगतं. तू ऐकलंस."

शेठांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "ते ठीक आहे. पण आमचं काय? दुसरी गाडी मिळेल का इथे?"

"माझ्या भाच्याची बोलावतो," चाचा म्हणाले. "अर्ध्या तासात येईल."

तेव्हा इतका वेळ शांत बसलेल्या वहिनी बोलल्या. "किती वेळ लागेल हो तुम्हाला?" त्या बसवंतला विचारत होत्या.

"झाकण काढून बेल्ट परत बसवायचा, वहिनी. आतलं काही वाकलेलं नाही, कारण जोर लागलेला नाही. एक तास. फार तर सव्वा."

"म्हणजे दोन वाजता निघू. पाचला पोचू." त्या नवऱ्याकडे वळल्या. "थांबू या. मला याच गाडीतून जायचंय."

"अगं, पण..."

"चुकलं तर चुकलं म्हणणारा माणूस आहे हा. रस्त्याला मला भीती वाटणार नाही. उद्याच्या भीतीचं बघायचंय मला, आजची नको."

बसवंतने झाकण काढले. खुणा खरोखरच तीन दात सरकल्या होत्या. पुली आवळताना व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा, म्हणजे कॅम, हलला होता आणि बेल्टने तसाच दात पकडला होता. किल्ली लागली असती, तर पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते आणि आठवड्याचे काम मातीला मिळाले असते. त्याने बेल्ट सोडला, कॅमला खिट्टी लावून तो जागेवर धरला, खुणा पुन्हा जुळवल्या, ताण दिला आणि ताण दिल्यावर खुणा परत बघितल्या. या वेळी शेठांनी घाई केली नाही. त्यांनी स्वतःहून टॉर्च धरला होता.

दोन फेरे झाले. चार केले. पाना कुठेही अडला नाही. फक्त हवा, मऊ, मागे सरणारी.

मग त्याने खिशातली किल्ली काढली. चाचांकडे पाहिले नाही, कारण आता विचारायचे काही नव्हते. इंजिन पहिल्याच प्रयत्नात लागले. पंधरा मिनिटे त्याने ते तसेच चालू ठेवले. धूर नाही, पाण्यात बुडबुडे नाहीत. टर्बोची ती बारीक शीळ स्वच्छ ऐकू येत होती.

निघताना वैकुंठशेठ खिडकीतून म्हणाले, "मघाशी मी जरा जास्तच बोललो." एवढे बोलून त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली. पाचला दहा मिनिटे कमी असताना ते दवाखान्यात पोचल्याचा निरोप आला.

चार दिवसांनी गॅरेजचा फोन वाजला. वहिनींचा आवाज होता.

"पट्टी काढली बघा आज. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं मी, तारखेसकट. म्हटलं, पहिल्यांदा तुम्हाला सांगावं."

"मी काय केलं वहिनी," बसवंत म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले.

"वेळेवर थांबलात," त्या म्हणाल्या. "आणि आम्हाला वेळेवर पोचवलंत."

बसवंतने फोन ठेवला. ते आभार त्याला जड गेले नाहीत. भुकेल्या माणसाला साधी भाकरी लागावी तसे लागले. मग तो दाराशी गेला आणि चाचांच्या पायाशी बसला.

"त्या दिवशी तुम्ही किल्ली खिशात टाकलीत ना, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता."

"येणारच. अडवणाऱ्याचा राग येतोच."

"तुम्ही अडवलं नसतं तर..." त्याने वाकून चाचांच्या गुडघ्यांना हात लावला, तो कपाळाला नेला आणि तसाच बसून राहिला.

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्याने घाट चढून आलेली एक गाडी वळली आणि गॅरेजसमोर उभी राहिली. चाचा आवाज ऐकत होते, पण या वेळी त्यांनी दुखणे सांगितले नाही.

"जा," ते म्हणाले, "बघ काय म्हणतेय ती."

आपल्या आयुष्यातही कुणीतरी कधीतरी आपली किल्ली अशी खिशात टाकलेली असते. तो माणूस अजून हयात असेल, तर आजच त्याला भेटून यावे.