कबरीच्या ताटापुढचा पडदा

फार मागे, ज्या काळाची मोजदाद आता कोणापाशी उरलेली नाही, त्या काळी एका राज्याच्या टोकाला समुद्रात एक लहानसे बेट होते. वर्षातले चार महिने समुद्र खवळलेला असे आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. त्या दिवसांसाठी घरोघरी मासळी तेलात शिजवून बरण्यांत भरत आणि बरण्यांची तोंडे मेणाने बंद करीत.

त्या बेटावर सगुणा नावाची एक विधवा राहत असे. घरात दुसरे माणूस नव्हते. होती ती कबरी नावाची एक मांजर, होडीतून उतरलेल्या ताज्या मासळीवर वाढलेली. त्या वर्षी होड्या ओढल्या गेल्या आणि चौथ्याच दिवशी कबरी व्याली. तिला तीन पिल्ले झाली.

सगुणेने आपल्या बारा बरण्यांतली पहिली बरणी उघडली आणि बांगड्याचे दोन तुकडे कबरीपुढे ठेवले. कबरीने ते हुंगले, पंजा झटकला आणि ती पिल्लांकडे परत गेली.

सगुणेला घोर लागला. आई जेवली नाही तर दूध कोठून येणार? तिने लगेच दुसरी बरणी उघडली. तिच्यात सुरमई होती. कबरीने एक घास खाल्ला आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी तिसरी बरणी उघडली, तिसऱ्या दिवशी चौथी. प्रत्येक नव्या मासळीचा एक घास कबरी घेई आणि निघून जाई. सगुणा ताट घेऊन तिच्या मागे घरभर फिरे, गोंजारी, विनवी, रागावे. एकदा तर तिने बळेच तिच्या तोंडात घास कोंबला. त्यानंतर ताटाचा आवाज आला की कबरी माळ्यावर चढून बसू लागली.

शेजारची धुरपा हे सारे कुडावरून पाहत असे. ती म्हणाली, “सगुणे, ही मांजर आहे की जावई? तू ताटं बदलत राहा, तो नाक मुरडत राहील. दोन दिवस उपाशी ठेव, म्हणजे दगडसुद्धा खाईल.”

सगुणेने मन घट्ट करून तेही केले. एक दिवस आणि पुढची सारी सकाळ तिने कबरीपुढे काही ठेवले नाही. कबरीने मागितलेही नाही. ती डोळे मिटून पडून राहिली आणि पिल्ले तिच्या कोरड्या आचळांशी झटत राहिली. दुपारी त्यांतले सर्वांत लहान पिल्लू हलेनासे झाले. सगुणेने ते ओंजळीत घेतले, परसात माडाच्या मुळाशी पुरले आणि तशीच मातीच्या हातांनी देवळाकडे निघाली.

देवळात एक वृद्ध गुरव पूजा करीत असत. सगुणेने त्यांना देवाचा कौल लावण्याची विनंती केली. आता कोणती बरणी उघडावी, पापलेटाची की रावसाची, एवढे देवाने सांगावे, असे तिचे म्हणणे होते.

गुरवांनी तिच्या हातांकडे पाहिले. कौलाची फुले त्यांनी परत तबकात ठेवली. तिला हात धुवायला लावले आणि घडले ते सगळे सांगायला सांगितले. मग म्हणाले, “नैवेद्याची वेळ झाली आहे. तेवढा होऊ दे. तू इथेच बस.”

सगुणेला बसवेना. तिकडे उरलेली दोन पिल्ले कशी असतील, हाच विचार तिच्या मनात होता. तरी ती बसली.

गुरवांनी चुलीवरचा भात केळीच्या पानावर वाढला. हाताची पालथी बाजू पानाजवळ धरून त्याची ऊब पाहिली. पान देवापुढे ठेवले, पाणी फिरवले, गाभाऱ्याचा पडदा ओढला आणि देवाकडे पाठ करून ते उंबऱ्याबाहेर बसले. काही वेळाने त्यांनी पान उचलून आणले.

“सगुणे,” ते म्हणाले, “तू कबरीला बरणीतला मासा कसा वाढतेस? ऊन करून की तसाच?”

“तसाच, काका. तेल गोठलेलं असतं.”

“आणि वाढल्यावर?”

“समोर बसते. खाते की नाही ते बघते.”

“पन्नास वर्षं मी देवाला जेवू घालतो आहे. एकदाही समोर टक लावून बसलो नाही. पडदा त्याच्यासाठी नसतो, गं. आपल्यासाठी असतो.”

सगुणा म्हणाली, “देवाने घास घेतला नाही तरी त्याचं काही अडत नाही, काका. माझी कबरी मरेल.”

“हे मात्र खरं बोललीस,” गुरव म्हणाले. “म्हणून तिला उपाशी ठेवायचं नाही. थोडंच वाढ, पण ऊन वाढ, आणि स्वच्छ ताटात. घटकाभराने ताट उचल. दर प्रहराला त्याच बरणीतला नवा तुकडा घे. दुसरी बरणी उघडू नकोस. तोंड फिरवलं की दुसरं येतं, हे तूच तिला शिकवलंस. आणि पाठ फिरव. तेवढंच तुला जड जाणार आहे.”

सगुणा घरी आली. उघडलेल्या चार बरण्यांपैकी तीन बरण्यांना बुरशी धरली होती. त्या तिने समुद्रात रिकाम्या केल्या. चौथीतला एक तुकडा गरम पाण्यात कुस्करला, ऊब हाताने पाहिली, ताट कबरीजवळ ठेवले आणि मध्ये जुने लुगडे बांधले. मग ती कबरीकडे पाठ करून दाराशी बसली.

ती घटका तिला युगासारखी गेली. मागे काहीच हालचाल नव्हती. मान वळवावी असे शंभरदा वाटले. ओठांवर नाम होते, पण चित्त ताटाशी होते. शेवटी तिने ताट उचलले. मासा तसाच होता.

पुढच्या प्रहरी तिने पुन्हा वाढले, पुन्हा पाठ फिरवली. या वेळी तिने नाम खरोखर घेतले. ऊन कलले, कुडावरून धुरपाने काहीतरी विचारले, सगुणेने उत्तर दिले नाही. आणि मग तिच्या पाठीमागे ताटावर जीभ घासल्याचा बारीक आवाज आला. तो थांबला. पुन्हा आला.

सगुणेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तिने मान वळवली नाही.

कबरीला दूध उतरले आणि दोन पिल्ले वाचली. तिसरे मात्र परत आले नाही. वाया गेलेल्या बरण्यांमुळे त्या चार महिन्यांचा शेवट सगुणेने मीठभातावर काढला.

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, एवढे ध्यानी धरा: मायेने ऊन घास वाढावा, पण तो घेण्याची मोकळीक ज्याची त्याला द्यावी.