तळशिंगीचे उकिरडे

तळशिंगीला येणारा पाहुणा आधी तळं बघून खूश होतो आणि मग बांधाच्या खाली नजर गेली की नाक मुरडतो. तळ्याचं पाणी असं की गुडघाभर खोलीवरचा खडासुद्धा ओळखू यावा. आणि बांधाच्या खालच्या अंगाला गावातले झाडून सगळे उकिरडे एका ओळीत, प्रत्येकाला दगडी कठडा, आणि कठड्याला हळदकुंकू! वरच्या अंगाला, जिथून पावसाचं पाणी तळ्यात उतरतं, तिथं मात्र शोधून शेणाची गोवरी सापडायची नाही. शिकलेली माणसं याला हसतात. हसू देत. पण त्यांनी कारण ऐकून जावं, म्हणजे घरी जाऊन तरी गप्प बसतील.

फार मागं तळशिंगीला हैबतराव पाटील होते म्हणे. त्यांना अक्कल कमी नव्हती. नको तिथं जास्त होती. त्यांच्या एकुलत्या लेकीचं, सगुणेचं, लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. सोयरे नदीकाठचे. बोलणी करायला आले तेव्हा पानाची पिंक टाकत म्हणाले, "आमच्यात नदी हाय. तुमच्यात काय, हे डबकं?"

हा शब्द पाटलांच्या जिव्हारी लागला. त्यांनी ठरवलं, लग्नात मांडव कमळांनी झाकायचा आणि सोयऱ्यांच्या ताटात वासराएवढा मासा वाढायचा. आता हे व्हावं कसं? तर पाटलांनी पाहिलं, की जिथं म्हशी डुंबतात तिथंच कमळाची पानं परातीएवढी होतात. चार पो शेणावर एवढं, तर गाड्यांनी घातल्यावर केवढं! त्यांनी तळ्यातल्या साती आसरांना नवस बोलला: एकशेएक गाड्या खत तुमच्या ओटीत घालतो, पण माझी अब्रू राखा.

झालं. वैशाखात जे खत शेतात पडायचं, ते त्या साली तळ्यात पडलं. पाटलाचा शब्द आणि वर देवाचं नाव; बोलतो कोण?

बोलली ती राहीआक्का माळीण. बांधाच्या पोटाशी तिचा वांग्यांचा मळा होता. साठी उलटलेली, नवरा गेलेला, पोरबाळ नाही. मळा हाच तिचा संसार, आणि त्याला पाणी तळ्याच्या मोरीतून पाटानं यायचं. पाटील तिच्या बांधावर येऊन उभे राहिले.

"आक्का, नव्व्याण्णव झाल्या. तुझ्या दोन गाड्या राहिल्या."

"त्या वांग्यांच्या हाईत."

"आसरांच्या ओटीत घालायच्या. देवाच्या कामाला न्हाई म्हणतीस?"

"ओटीत खण घालत्यात, नारळ घालत्यात. शेण घालणारा पाटील मी आज पयल्यांदा बघितला."

"अगं, खतानं जोर येतोय, हे माळणीला मी सांगू व्हय?"

"मातीत घातलं तर येतोय. मातीला दात हाईत, पाटील. ती खत चावून खाती आन् मुळांना घास घास भरवती. पाण्याला कुठं दात? त्यात पडल्यालं नासणार, आन् पाण्यालाबी नासवणार."

हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या साली तिनं हौसेनं वांग्याच्या प्रत्येक बुडात टोपलीभर ताजं शेण कोंबलं होतं. चार दिवसांत रोपं करपली. सासूनं त्या करपल्या रोपांची जुडी वर्षभर चुलीवर टांगून ठेवली, सुनेला भाकऱ्या थापताना दिसावी म्हणून. असं शिक्षण माणूस विसरत नाही.

पाटलांचा पारा चढला. "दोन गाड्या येईस्तवर तुझ्या मोरीला बोळा!"

आणि खरंच बोळा बसला. मळ्याच्या कोपऱ्यात एक झरा होता, वरच्या मुरमाड माळावरून पाझरणारा, तळ्याशी संबंध नसलेला. पण त्यात दिवसाला चाळीस घागरी. राहीआक्कानं वीस वाफ्यांतले आठ राखले आणि बारा सोडले. त्या बारा वाफ्यांकडे पाठ करून ती जेवायला बसायची, म्हणतात. पण गाड्या काही दिल्या नाहीत.

श्रावणात तळं असं फुललं की पाटलांच्या मिशा कानाला लागल्या. कमळाच्या पानावर मांजर बसलेलं लोकांनी पाहिलं. जो तो आक्काला टोमणे मारायला बांधावर हजर. "काय आक्का, दात फुटलं न्हवं पाण्याला?" ती खुरपं न थांबवता म्हणायची, "दुधाचं हाईत. पडत्याल."

आणि भाद्रपदात पाण्यावर हिरवी साय धरली. आश्विनात तिची गोधडी झाली. खालचं पाणी ऊन-वाऱ्याला पारखं झालं, गोधडी कुजत चालली, आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसायला लागले. दिवाळीला ते उताणे तरंगले. त्यातला एकही वासराएवढा नव्हता. कमळांचे देठ चिखलात लोळले. इकडं शेतात उपाशी जोंधळा पिवळा पडून गुडघ्याशी थांबला. खत एका ठिकाणचं गेलं, आणि नुकसान दोन ठिकाणी झालं! कणसं बघून गुराखी म्हणायचे, ह्याला राखण कशाला, पाखरंच दाणं टाकून जात्याल.

मार्गशीर्ष लागला. वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं तांब्या तोंडाला लावला आणि चूळ थेट पाटलांच्या पायांवर टाकली. "पाटील, तुमच्यात पाण्याला हिरवी फोडणी देत्यात व्हय?" वऱ्हाड हसलं, मग उठलं. चुलता म्हणाला, "दुपारपर्यंत पिण्याजोगं पाणी दाखवा, न्हाईतर गाड्या जुंपतो."

हैबतराव अनवाणी मळ्यात आले. मांडवातली लेक डोळ्यांसमोर. फेटा हातात, मान खाली.

"आक्का, झऱ्याचं पाणी दे. पोरीचं लगीन मोडतंय."

राहीआक्कानं बारा वाळल्या वाफ्यांकडे पाहिलं. नाही म्हणायला तिला एक शब्द पुरला असता, आणि तो तिच्या तोंडात सहा महिने तयार होता. पण सगुणा लहानपणी तिच्याच वाफ्यात बसून कच्ची वांगी खायची.

"घागरी न्या," ती म्हणाली. "पण आधी ऐका. मोरी उघडायची ती तळं नितळल्यावर. हे गटार मला नको. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळातला गाळ काढायचा आन् शेतात न्यायचा. पयली पाटी तुमच्या डोक्यावर. उकिरडं सगळं बांधाखाली. आन् दर साली खताच्या गाड्या निघायच्या आधी पाटलानं गावादेखत तळ्याची एक ओंजळ प्यायची. खत कुठं टाकायचं हे जो सांगतोय, त्यानं पाणी पिऊन दाखवावं."

"आन् पाणी नासलं असंल तर?"

"तर पिऊन हगवण लागंल. मंग पुढच्या साली नीट सांगाल."

लग्न झालं. चैत्रात पाटलांनी गाळाची पहिली पाटी उचलली, आणि ती त्यांच्या मिशांवरून ओघळली. तो काळा गाळ, अर्धा त्यांच्याच नवसाचा, शेतांत पडला आणि पुढच्या साली जोंधळा असा माजला की त्यात उंट हरवावा. गाव तेव्हापासून सालोसाल गाळ काढत राहिलं. तिसऱ्या साली पाणी नितळलं आणि राहीआक्काच्या वीसही वाफ्यांत पाट वाहिला. आसरा कोपल्या की प्रसन्न झाल्या, यावर गावात अजून दोन तट आहेत. राहीआक्का म्हणायची म्हणे, त्या बिचाऱ्या वर्षभर नाक धरून बसल्या होत्या, कोपायला हात कुठं मोकळा होता?

आजही वैशाखात गाड्या जुंपून उभ्या राहतात आणि पाटील घराण्यातला थोरला पायऱ्या उतरतो. हल्लीचा पुण्यात नोकरी करतो, त्या दिवसापुरता येतो. पिशवीत बाटलीचं पाणी आणतो. बायका पहिल्या पायरीवरच ती काढून घेतात. मग तो वाकतो, ओंजळ भरतो, डोळे मिटतो. सगळा गाव श्वास रोखून बघत असतो, आणि बघतो तो पाटलाच्या तोंडाकडे. पाणी तर गावकरी बारा महिने पितातच.