शिंगं शेवटी

"पण शिंगं आधी का नाही न्यायची, बाबा?" कमळूनं विचारलं.

"आधी मांस. शिंगं शेवटी," चांगोबाबा म्हणाला.

शिकारीला मुभा होती तेव्हाची ही गोष्ट. खोल घळीत सांबर पडलं होतं. बैलाएवढं धूड, एका गोळीत आडवं! गोळी कमळूची. ठासणीची बंदूक मात्र चांगोबाबाची. बाबाची नजर अधू होत चाललेली, आणि ज्याच्या हाती ही बंदूक जाईल तोच पुढं वाडीच्या शिकारीचा म्होरक्या होणार होता.

चार गडी मांस तोडून मोकळे झाले. कमळूनं शिंगांचं डोकं उचललं.

"नेम माझा, सांबर माझं. मी शिंगंच आधी नेणार. वाडीला कळू दे!"

"कमळू..."

"मी नाही ऐकायचा!"

बाबानं फक्त मान हलवली.

चढ असा की देव आठवावा. करवंदीच्या जाळीत शिंगं दहादा अडकली, अंगाला ओरखडे पडले. पण कमळू छाती काढून वाडीत शिरला.

चुली पेटवून बाया वाट बघत होत्या. चार दिवस वाडी नाचणीच्या आंबिलीवर होती. ठकूआत्यानं शिंगांकडं बघितलं, मग कमळूच्या मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"काय रे कमळू, शिंगं शिजतात होय?"

बाया फिदीफिदी हसल्या. कमळूच्या अंगाचा तिळपापड झाला. शिंगं तिथंच आपटून तो तसाच घळीत उतरला.

खाली बघतो तर काय, मांस जागच्या जागी! चौघं बिड्या ओढत बसलेले, आणि बाबा पळसाच्या डहाळीनं माश्या हाकत होता.

"बसलात काय? उन्हं चढली! मांस नासलं म्हणजे?"

"मांसाला पहिला खांदा मारणाऱ्याचा," बाबा म्हणाला. "त्याशिवाय आमचा हात ओझ्याला लागत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"मी नेलं की पहिलं ओझं!"

"मांस नेलंस?"

कमळूनं दात खाल्ले. मागची अख्खी तंगडी खांद्यावर घेतली आणि कुणाकडं न बघता चढू लागला. लगेच चौघं उठले. बाबानंही काळजाची पुरचुंडी उचलली.

एक नाही, कमळूनं पाच खेपा केल्या. कुणी हात पुढं केला तर खेकसायचा, "सरक!" खांदा सोलून निघाला, पण शेवटचा तुकडासुद्धा त्यानंच वर आणला. दुपारी साऱ्या वाडीत रस्सा रटरटत होता.

बाबा अंगणात बसला होता, बंदूक मांडीवर आडवी. कमळूनं शिंगं उचलून त्याच्यापुढं धाडकन ठेवली.

"मांस आणलं. शिंगं आणली. नेम माझा, खांदाही माझा. आता दे बंदूक!"

बाबानं त्याच्या सोललेल्या खांद्यावर हात ठेवला. कमळू कळवळला, पण मागं सरला नाही. मग बाबानं शिंगांच्या बुडाशी, जिथं ती कवटीला जुळतात तिथं, बोटं फिरवली... बराच वेळ फिरवली.

"सांबर ही शिंगं दरसाल आपणहून रानात टाकतं, कमळू. तूही एकदा टाकून ये. बंदूक कुठं पळून जात नाही."