फितूर हिरवळ

"ही हिरवळ फितूर आहे!" चिंचखोऱ्याचे राजेसाहेब रणजितराव गरजले आणि त्यांनी सहाव्यांदा काठी आपटली. चेंडू पडायची गल फक्त वीतभर लांब होती. चेंडू तिला वळसा घालून, रुसलेल्या जावयासारखा दारावरूनच निघून गेला.

राजेसाहेबांना गोल्फचं नवं वेड लागलं होतं. लांबचा टोला असा, की चेंडू थेट नदीकाठच्या चिंचेपर्यंत जायचा आणि सारा दरबार टाळ्या पिटायचा. हिरवळीवर गलीजवळ आलं, की मात्र सहा-सात ठोके लागायचे. तेव्हा दरबार आकाशातले ढग बघायचा.

"चेंडूच उर्मट, सरकार!" कारभारी अप्पाजीपंत म्हणाले. मागल्या महिन्यात त्यांनीच ती गल खणून घंगाळाएवढी केली होती. चेंडू तरीही बाहेर राहिला, त्याला बिचारे पंत काय करणार?

"दोष गवताचाच!" राजेसाहेबांनी निकाल दिला. "धोंडीराम माळी! दसऱ्याला शेजारचे बेलवणकर सरकार सामन्याला येताहेत. महिनाभरात खोट काढ. गलीजवळून दोन ठोक्यांत चेंडू पडला नाही, तर बागेतली झोपडी खाली करायची!"

म्हाताऱ्या धोंडीरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं त्यानं ते गवत पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. तेवढ्यात त्याची लेक हौसा पुढे झाली. गोट्यांत तिनं गावातली सगळी पोरं धुऊन काढली होती. गल चुकणाऱ्यांची तिला चांगलीच ओळख होती.

"खोट काढते, सरकार. पण गवत लहरी हाय. त्याला मालकाच्याच हाताची सवय लागावी लागती."

"अलबत! राजाचं गवत आहे!" राजेसाहेब खूश झाले.

"मग रोज सकाळी दव असताना यायचं. गलीपासून एका हाताच्या अंतरावरनं चेंडू ढकलायचा. ओळीनं वीस पडले, की दोन हातांवर सरकायचं. एक जरी चुकला, तर गवत बिथरतं. पुन्हा पहिल्यापासून!"

"आणि लांबचा टोला?"

"त्यानं गवत दचकतं, सरकार. महिनाभर बंद!"

तिनं घंगाळही बुजवलं आणि गल पुन्हा तांब्याएवढी केली. अप्पाजीपंतांना ते फार लागलं.

दवावर चेंडूची रेघ उमटते. पहिल्या सकाळी त्या रेघा ताडी पिऊन घरी निघालेल्या माणसाच्या वाटेसारख्या होत्या. "वा, काय नक्षी!" दरबार म्हणाला. राजेसाहेब मात्र वाकून बघू लागले. आपण मान वर केली की रेघ डावीकडे पळते, हे चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. अर्थात, ती गवताचीच खोड असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

मग हौसानं हिरवळीवर माती वाहायची एक रिकामी पाटी ठेवली. "काठावरचं गवत मानी हाय, सरकार. त्याला धक्का न्हाई लावायचा. चेंडू वरनं पाटीत टाकायचा. विटी कोलतात तसा, अलगद!"

पहिला चेंडू अप्पाजीपंतांच्या पगडीत पडला. दरबार पुन्हा ढग बघू लागला. तिसऱ्या आठवड्यात पाटी भरायला लागली.

दसरा उजाडला. बेलवणकरांना हिरवळीवर चार ठोके लागले. राजेसाहेबांनी काठावरून चेंडू अलगद कोलला, मान खाली ठेवून हळूच ढकलला. टप्! चेंडू गलीत!

"शाबास पोरी! खत कोणतं घातलंस?"

"काहीच न्हाई, सरकार."

"मग बी बदललंस?"

"एक काडीसुद्धा हलवली न्हाई. बाबांनी लावलं तसंच हाय."

राजेसाहेबांची भुवई वर चढली. बेलवणकर मिशीत हसले. धोंडीरामानं डोळेच मिटून घेतले.

"मग खोट काढायच्या माझ्या हुकमाचं काय झालं?"

"खोट काढायचा हुकूम होता, सरकार. ती निघाली!" हौसानं हात जोडले. "पण कुठनं निघाली, ते चारचौघांत सांगायचा हुकूम न्हवता!"

दरबार घाईघाईनं ढग शोधू लागला. मग राजेसाहेब असे हसत सुटले, की काठीचा आधार घ्यावा लागला.

"ती झोपडी पाडा!" ते हसतच ओरडले. "आणि तिथंच धोंडीरामाला पक्कं घर बांधा! हौसाला चांदीचं घंगाळ द्या. मापाची काळजी नको, ते अप्पाजीपंतांना तोंडपाठ आहे!"