तापलेल्या चाकाची साक्ष

फार फार पूर्वी, ढग डोंगराच्या अंगणात उतरून विसावत त्या काळी, एक राज्य होते. राजधानी डोंगरमाथ्यावर, समुद्र पायथ्याशी आणि मध्ये धुक्याने भरलेला घाट. त्या घाटात कुण्या जुन्या राजाने लाकडी रूळ टाकले होते. मिठाचे गाडे बैल वर ओढून आणत. धान्याचे गाडे मात्र स्वतःच्या भारानेच खाली उतरत. लहानथोर वाचकांनो, हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या. पुढचे सारे त्याच्यावरच उभे आहे.

उतरता गाडा ताब्यात ठेवणे हे ठोकळेवाल्यांचे काम. मागच्या फळीवर उभे राहून ते बाभळीचा ठोकळा चाकावर दाबून धरीत. घाटाच्या मध्यावर, जिथे रूळ थोडे सपाट होत, तिथे एक दगडी ओटा होता. प्रत्येक गाडा तिथे थांबे. ठोकळेवाला चाकाच्या धावेवर, म्हणजे त्याच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर, तळहात ठेवी आणि सात श्वास मोजी. तेवढा वेळ हात ठेववला तर गाडा पुढे निघे. न ठेववला तर चाक निवेपर्यंत साऱ्यांनी धुके पाहत बसायचे.

गाड्यांच्या मक्तेदाराला हे बसणे खुपू लागले. थांबा गाळला तर रोज एक खेप वाढेल, असे म्हणून त्याने तो बंद केला. ठोकळेवाल्यांनी गाड्यांच्या चाकांखाली दगड लावले आणि ते ओट्यावर जाऊन बसले. पंधरवड्यात राजधानीतले मीठ संपले.

गादीवर नुकतीच एक तरुण राणी बसली होती. न्याय म्हणजे कुणाकडेही न झुकणे, असे ती लहानपणापासून शिकली होती, आणि हा तिचा पहिलाच निवाडा होता. तिने दोन्ही पक्षांना बोलावले. मक्तेदाराने आजाऱ्यांच्या अळणी पेजेचे वर्णन केले, आणि ते खोटे नव्हते. ठोकळेवाल्यांच्या वतीने एक वृद्ध आला होता. त्याच्या तळहातांची कातडी जुन्या जोड्यासारखी झाली होती.

“बाईसाहेब,” तो म्हणाला, “एकदा ओट्यावर या. चाकाला हात लावून बघा. मग म्हणाल ते करू.”

“म्हातारबा, राणीसाहेबांनी आता चाकं चाचपायची?” मक्तेदार म्हणाला. “उद्या बैलांची नाडी बघायला बोलवाल.”

दरबार हसला. राणीही किंचित हसली. पुढे त्या हसण्याची तिला आयुष्यभर लाज वाटली.

“मी कुणाचीच बाजू घेत नाही,” ती म्हणाली. “गाडे मात्र उद्या सूर्योदयाला सुटतील आणि वाटेत कुठेही थांबणार नाहीत. तुम्ही येणार नसाल तर ठोकळे सैनिक धरतील. भांडण तुम्ही दोघे मागाहून सावकाश मिटवा.”

“मिटलंच की ते,” वृद्ध म्हणाला. “गाडे चालू झाल्यावर हे आमच्याशी कशाला बोलतील? उतारावरच्या गाड्याखालचा दगड काढायचा नि म्हणायचं, मी काही ढकलला नाही.”

राणीला ते बोलणे उद्धट वाटले. खरे तर ते तिला नेमके लागले होते. पण या दोहोंतला फरक तिला अजून कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, आपल्या हुकमावर आपला विश्वास आहे हे दिसावे म्हणून, ती स्वतः रांगेतल्या दुसऱ्या गाड्यात बसली. घाट स्वप्नासारखा उलगडत गेला. झाडे धुक्यातून वर येत आणि पुन्हा विरघळत. चाकांचा आवाज अंगाईसारखा एकसुरी होता. कुठूनसा गोडसर धुराचा वास येऊ लागला. दरीतल्या एखाद्या देवळात धूप जाळला असेल, असे तिला वाटले, आणि तिचे डोळे मिटू लागले.

मग ओटा ओलांडून गेलेल्या पुढच्या गाड्याचा आवाज थांबला. धडाका ऐकू आला नाही. जो काही झाला तो धुक्याने गिळला. फक्त एक लय तुटली.

राणीने मागे पाहिले. तिच्या गाड्यावरचा सैनिक सारे बळ लावून ठोकळा दाबत होता, आणि ठोकळा जळत होता. तेवढ्यात ओटा आला. धुक्यात दगडांसारखी दिसणारी माणसे एकदम उठली, गाड्याबरोबर धावली आणि आपापले ठोकळे त्यांनी चाकांवर रोवले. सपाटीच्या अगदी टोकाला गाडा थांबला.

राणी खाली उतरली. कुणी सांगितले नव्हते, तरी तिने धावेवर तळहात ठेवला. एक श्वासही पुरा झाला नाही.

“पुढच्या गाड्यावर कोण होतं?” तिने विचारले.

“माझा भाऊ,” सैनिक म्हणाला. “थांबायचा हुकूम नव्हता, राणीसाहेब.”

संध्याकाळी तो दरीत सापडला. कोळसा झालेला ठोकळा त्याने सोडला नव्हता.

राणीने सैनिक परत पाठवले आणि मक्तेदाराला ओट्यावर बोलावले. दोन्ही पक्षांचे एकमत होईपर्यंत एकही गाडा हलणार नव्हता. चाक दुपारपर्यंत निवले. माणसांना तीन दिवस लागले. राणीही तिथेच, सर्वांबरोबर, अळणी भात जेवत बसली. अखेर थांबा कायम राहिला. ठोकळेवाल्यांनी गारव्यात, पहाटेच गाडे काढायचे कबूल केले, आणि पुन्हा कधी बसायची वेळ आली तरी आजाऱ्यांच्या मिठाचा एक गाडा वर येऊ द्यायचे वचन दिले. मक्तेदाराची वाढीव खेप काही दिवशी होई, काही दिवशी होत नसे. कुणीच पुरते खूश नव्हते. पण चाके थंड होती.

त्या करारावर राणीने मोहोर उठवली नाही. शाईत बुडवलेला उजवा तळहात उमटवला. त्यात चाकाच्या धावेने भाजलेला पट्टा कोरा राहिलेला स्पष्ट दिसत होता. घाटाविषयी हुकूम काढण्याआधी प्रत्येक राजा ओट्यावर येऊन तापल्या चाकावर हात ठेवू लागला, तो तेव्हापासून.

बोध: उतारावर नुसते ‘चालू द्या’ म्हणणारा तटस्थ नसतो, न्याय करायचा तर आधी तापल्या चाकाला स्वतःचा हात लावावा लागतो.